कोब्यावरची सावली

रुसे, ४ सप्टेंबर २०१८

ओग्न्यान,

नऊ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. लाझार नावाचा जमिनी बसवणारा मिस्त्री तुझ्या ओळखीचा आहे का, आणि असला तर तो चोर आहे का, एवढंच विचारायचं आहे.

मी घर घेतलं. एक्कावन्नाव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं. दोन खोल्या, पाचवा मजला, आईसाठी लिफ्ट. नवी घरं आपल्याकडे कशी ताब्यात देतात ते तू विसरला नसशील: भिंतींना गिलावा, खाली उघडा कोबा आणि हातात किल्ली. संडासाचं भांडंसुद्धा आपलं आपण आणायचं. बँकेचं कर्ज घराच्या किमतीतच संपलं. जमिनीसाठी मी तीन हजार लेव्हा वेगळे काढून ठेवले आहेत. शाळेत शिकवून आणि युनियनच्या सभांमध्ये घसा फोडून मिळवलेले ते पैसे आहेत, त्यातला एक लेव्हाही कुणाच्या खिशात गेलेला मला चालणार नाही.

दुकानदारानं आधी लॅमिनेट माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. "बाई, अठरा लेव्हा मीटर. दिसायला अगदी ओक."

"दिसायला तुम्हीही सज्जन दिसता," मी म्हटलं.

आई मध्ये पडली. "वीस वर्षं लोकांच्या घरात लिनोलियमवर चालले मी. आता पायाखाली झाड पाहिजे."

संपलं. ओक. चौपन्न लेव्हा मीटर. स्वयंपाकघर आणि पॅसेजला साधी टाइल लागून गेली आहे, ती बिल्डरच्या हिशेबात होती. लाकूड दोन्ही खोल्यांना, म्हणजे अडतीस मीटर. मी स्वतः तीनदा मोजले. या लाझारनं मागवले बेचाळीस! वरचे चार मीटर कशाला? चार मीटर म्हणजे दोनशे सोळा लेव्हा. विचारलं तर म्हणतो, "छाट जाते हो, बाई." कुठे जाते? कुणाच्या घरी जाते?

आणि कॉफी पिताना तो बोलून गेला, "सेगोव्हियात आम्ही असंच करायचो." अर्धा बल्गेरिया स्पेनमध्ये राबतो आहे, कबूल. पण नेमका तू राहतोस त्या सेगोव्हियात? दुकानात कुणी नाव सुचवलं नव्हतं, जाहिरात नव्हती. एक दिवस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकलं, तुमच्याकडे जमीन करायची आहे." कुणाकडून ऐकलं?

तू पाठवलास का? हो की नाही, एवढंच कळव. फोन करत नाही, कारण फोनवर मी भाषण करते असं तूच म्हणायचास. तुझा पत्ता आईच्या डबीतल्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तिला विचारून नाही.

राइना


रुसे, २० सप्टेंबर

ओग्न्यान,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींना पत्र म्हणायचं असेल तर. "दहा टक्के छाट जाते. मी कुणाला पाठवलेलं नाही." दुसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. चौथीतल्या पोराच्या 'गृहपाठ घरी विसरलो' इतकीच ती मला खरी वाटते.

छाटीचं मी मान्य करते. एका खोलीच्या फळ्या त्यानं आधीच बेतून कापून ठेवल्या आहेत. तुकडे मी मोजले, हिशेब लागतो. पण तो विषय सुटला तर दुसरा उभा राहिला.

आईच्या खोलीतल्या कोब्यावर त्यानं नवा थर ओतला. अडीच सेंटिमीटर, सबंध खोलीभर. मी सांगितलेलं नव्हतं, अंदाजपत्रकात नव्हतं. मी शाळेतून आले तर खोली ओल्या सिमेंटनं भरलेली! "पॅसेजपेक्षा खोल होती, सपाट केली," म्हणाला. त्याचे किती? "काही नाही." सिमेंटची पोती? "होती शिल्लक." कुणाची शिल्लक होती?

ज्यानं जास्त मागितलं त्याच्याशी भांडता येतं. तीस वर्षं मी तेच करते आहे. पण काहीच न मागणाऱ्याचं काय करायचं? या गावात फुकट कोण राबतं? मालक फुकट कॉफी पाजतो त्या दिवशी करारात काय घुसवलंय ते पाहावं, हे मी नव्या शिक्षकांना पहिल्याच बैठकीत सांगते. आणि इथे माझ्याच घरात कुणीतरी फुकट सिमेंट ओतून जातं.

आता तो थर सुकायला चार आठवडे लागणार. कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनं चिकटवून ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी कागदाखाली दव धरलेलं दिसतं, आणि तो मान हलवून निघून जातो. कुठे जातो? दुसरं काम धरलं असणार. इकडे घरमालकीण मिंचेवाबाईंना आमची भाड्याची जागा दिमित्रोव्हदेनच्या सणाला रिकामी हवी आहे. सव्वीस ऑक्टोबरनंतर एक दिवस नाही, नवे भाडेकरू आगाऊ पैसे देऊन बसले आहेत.

आणि थर ओतला त्याच्या आदल्या दिवशीचं. हे लिहावं की नाही, कळत नव्हतं.

दुपारचे चार वाजले होते. आईला घर दाखवायला नेलं होतं. तिला दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा पाय ओढत चालते. तुला हे कुणी कळवलं नसेल. मी कळवलं नाही. पुढच्या खोलीत सिमेंटची धूळ पडली होती, ती तिच्यातून खिडकीकडे चालली होती. मी पॅसेजमध्ये नळ बघत होते. वळून पाहते तर हा लाझार तिच्या मागे गुडघ्यांवर बसलेला. हातात सूत. ते त्यानं जमिनीवर ताणून धरलं, दोन्ही टोकांना गाठ मारली, तोडलं आणि मला पाहताच खिशात घातलं. कमरेला स्टीलचा टेप लटकत असताना!

नेमकी तेव्हाच आई वळली. ऊन पाठीमागून होतं. तिची सावली तिच्या पायांपासून थेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत पडली होती.

लिफ्टमध्ये ती एवढंच म्हणाली, "माझी सावली घेतली त्यानं."

तुला आठवतंच. कुठे गवंडीकाम चालू असलं की आई आपल्याला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे न्यायची. सावली सुतानं मोजतात, सूत बांधकामात चिणतात, चाळीस दिवसांत माणूस जातं आणि त्या घराची राखण करत बसतं. मी सातवीला या विषयावर दरवर्षी तास घेते. भीतीचा व्यापार कसा चालतो, त्याचं उदाहरण म्हणून.

तू या माणसाला ओळखतोस. खरं सांग.

राइना


रुसे, १ ऑक्टोबर

ओग्न्यान,

आई निघून गेली. चेर्वेनला, येलित्सा मावशीकडे. मी शाळेत असताना शेजाऱ्याच्या गाडीतून गेली. औषधं नेली, कपडे नेले, आणि तिच्या खोलीसाठी निवडलेले पडदे पिशवीत घडी करून इथेच ठेवले.

रविवारी मी तिकडे गेले. दोघी बहिणी अंगणात मिरच्या भाजत होत्या. मी धुरात उभी राहून तासभर बोलले, ओग्न्यान. इतिहास सांगितला, विज्ञान सांगितलं. सावली म्हणजे काय, प्रकाश अडला की काय होतं, सगळं. मावशी मिरची सोलत म्हणाली, "बोलते छान हो तुझी मुलगी."

आई म्हणाली, "ऐक गं. जोवर ते सूत जमिनीखाली गेलेलं नाही तोवर मी आहे. म्हणून जमीन बसवायची नाही."

"मग राहायचं कुठे? कोब्यावर?"

"तू राहा कुठे राहायचं तिथे. मी इथे बरी आहे."

"आई, लिफ्टचं घर मी कुणासाठी घेतलं?"

"मग मला विचारून मिस्त्री आणायचा होतास."

"हा वेडेपणा आहे. मी बरोबर आहे, हे तुलाही कळतंय."

तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली. "तू बरोबरच असतेस. चौकात भावाचं नाव घेऊन ओरडलीस तेव्हाही बरोबरच होतीस. मी खाली गर्दीत उभी होते. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी म्हणत होते, माझी पोरगी बरोबर बोलते आहे. दुसऱ्या महिन्यात माझा पोरगा देश सोडून गेला."

मी शेवटच्या बसनं परत आले.

आज लाझारला धरलं. "सूत कुठंय?"

"कसलं सूत, बाई?"

"गाठी मारलेलं."

"ते होय... पोतं बांधलं त्यानं."

"गाठी मोजून पोती बांधतोस?"

त्याचे कान लाल झाले. पन्नाशीचा माणूस, आणि कान लाल! मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. तो हत्यारं गोळा करायला लागला आणि म्हणाला, "काढा मला, हरकत नाही. पण ओल जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला फळ्या लावू देऊ नका. फुगून वर येतील उन्हाळ्यापर्यंत."

ज्याला हाकललं तो जाता जाता माझ्या जमिनीची काळजी करतो. मी त्याला थांबवलं. दया आली म्हणून नाही. असा माणूस नजरेआड जाऊ द्यायचा नाही म्हणून.

पंचवीस दिवस उरले आहेत. ओकच्या फळ्या भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. पैसे भरून झाले आहेत, घर माझं आहे, आणि ज्या बाईसाठी घेतलं ती त्यात पाय ठेवायला तयार नाही. या पत्राला दोन ओळींत उत्तर देऊ नकोस.

राइना


रुसे, १२ ऑक्टोबर

ओग्न्यान,

काल दुपारी फोन उचलला ती मी होते.

लाझार बाल्कनीत बादली धूत होता. त्याचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर वाजला आणि पडद्यावर तुझं नाव आलं. मी दुसऱ्याचा फोन उचलत नाही, दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तत्त्व म्हणून. उचलला.

"काय रे, कोबा सुकला का? आई आली का परत?"

नऊ वर्षं. आवाज जाड झालाय तुझा. मी काही बोलले नाही, आणि तू ओळखलंस, कारण तूही गप्प झालास. तसे आपण किती वेळ होतो? लाझार आत येऊन माझ्या हातातल्या फोनकडे पाहत उभा राहिला तोपर्यंत.

"आता सांग," मी त्याला म्हटलं.

त्यानं उलट्या बादलीवर बसून सगळं सांगितलं. तूच त्याला पाठवलंस. त्यानं पहिल्याच दिवशी आईचं पाऊल पाहिलं आणि तुला कळवलं. तू म्हणालास, ती पाय उचलत नाही, घसटते, तर एक पाऊल किती पडतं ते मोज. धुळीत ठसे उमटले होते, तेवढंच त्यानं मोजलं. बावीस सेंटिमीटर. एवढ्या पावलाचं माणूस दारातली पट्टीसुद्धा ओलांडू शकत नाही, पॅसेजमधून खोलीत उतरताना पहिल्याच दिवशी पडलं असतं. म्हणून तू खोली वर उचलायला लावलीस, पट्टी काढून टाकलीस, टाइल आणि लाकूड एका पातळीत आणलंस. सिमेंट तुझं, मजुरी तुझी, चार आठवड्यांची वाटही तुझीच.

"टेपनं का नाही मोजलंस?"

"टेप दिसला असता तर तुम्ही विचारलं असतं, बाई. सुताकडे कोण बघतं?"

"बल्गेरियात?"

"सतरा वर्षं स्पेनमध्ये काढली हो," तो म्हणाला. "तिकडे कुणी सावलीचं काही म्हणत नाही. विसरलोच मी."

"आणि मला का नाही सांगितलंत, दोघांनी?"

"ओग्न्यान म्हणाला, ताईला कळलं तर ती मिस्त्रीला हाकलेल आणि कोबा फोडून काढेल."

तू मला बरोबर ओळखतोस. फोडलाच असता.

आता माझं ऐक. संप फोडून तू बस बाहेर काढलीस, ते चुकीचं होतं. आजही म्हणते. तीनशे माणसं डेपोच्या फाटकाशी थंडीत उभी होती, आणि तू त्यांच्यामधून बस नेलीस. मी जे म्हणाले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण ते मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणायला हवं होतं. तू रागावून माझ्या तोंडावर दार आपटलं असतंस, मी दुसऱ्या दिवशी परत आले असते. मी तुला माइकसमोर नेलं, जिथे तुला उत्तर देता येत नव्हतं. मालक आमच्याशी तसं वागतात तेव्हा मी त्याला भ्याडपणा म्हणते.

उद्या चेर्वेनला जाते. आईला सांगते की सूत पावलासाठी होतं. प्रश्न मिटला.

राइना


रुसे, २४ ऑक्टोबर

ओग्न्यान,

मिटला नाही.

मी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. "ओग्न्याननं मोजायला सांगितलं?" दोनदा विचारलं. "माझं पाऊल?" मग चुलीत काटक्या सारायला लागली. मला वाटलं, झालं, आता पिशवी भरेल.

"मग सूत कुठंय?"

"आई, त्यानं पोतं बांधलं, पोतं कचऱ्यात गेलं."

"कुणी पाहिलं?"

"पण त्यानं सावली मोजलीच नव्हती!"

"पडली तर होती ना वर? सावलीला काय कळतंय, कुणी कशाला मोजतंय ते."

मी मोठमोठ्या मंत्र्यांना निरुत्तर केलं आहे. परतीच्या बसमध्ये मी जन्मात पहिल्यांदा तिच्या बाजूनं विचार केला. तिच्या हिशेबानं घराला कुणीतरी लागतं. मग दुसरं कुणी दिलं तर तिची सुटका झाली. साधं आहे.

सोळा तारखेला कागदाखाली दव धरलं नाही. कोबा सुकला. चार वाजता मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले आणि लाझारला म्हटलं, "मोज."

"काय?"

"माझी सावली. सूत घे."

"नाही हो, बाई."

"तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?"

"मुळीच नाही."

"मग मोज."

"नाही मोजणार."

शेवटी टोक मी माझ्याच टाचेखाली धरलं, आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवून दुसरं टोक ओढलं. गाठी मी मारल्या. आईच्या खोलीत, खिडकीपासून तिसऱ्या फळीखाली ते सूत ठेवलं. त्यानं फळी बसवली आणि ठोकताना प्रत्येक ठोक्याला माझ्याकडे बघत होता, मी उभी आहे ना म्हणून. तीन दिवसांत जमीन पूर्ण झाली. दोन हजार आठशे लेव्हा, अंदाजाच्या दोनशे खाली. सुंदर झाली आहे. पॅसेजमधून खोलीत जाताना डोळे मिटले तर टाइल कुठे संपली आणि लाकूड कुठे सुरू झालं, पायाला कळत नाही.

रविवारी फोनवर फोटो काढून चेर्वेनला गेले. "बघ, तुझं सूत असलं तरी आता काही उपयोगाचं नाही. घराला मी मिळाले. तू मोकळी."

मला वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकेल. फोटोकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग हातातलं फडकं तिनं मला फेकून मारलं.

"मूर्ख कार्टे! उखड ते!"

"उखडता येत नाही. चिकटवलंय."

"मग माझं घाल! माझं होतं ते बरं होतं, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तू कशाला पडलीस मध्ये?"

"तू येत नव्हतीस म्हणून."

"येते ना! येते म्हणून काय, आत्ता येते! येलित्सा, माझी पिशवी दे. हिला एकटीला त्या घरात सोडायची नाही आता."

त्याच संध्याकाळी आली. पाठोपाठ गाद्या आणि भांडी आली. मिंचेवाबाईंना किल्ली दोन दिवस आधीच दिली. आई पहिल्यांदा आत शिरली तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहत होते. ती मात्र माझ्याकडे पाहत होती, म्हणून तिला कळलंसुद्धा नाही की ती कुठेही अडखळली नाही.

आता माझी अवस्था ऐक. मी आंघोळीला गेले की ती बाथरूमच्या दाराशी उभी. "बोलत राहा," म्हणते. "तुला बोलायला काय सांगावं लागतं का?" रस्ता ओलांडताना माझा दंड धरते. बावीस सेंटिमीटरच्या पावलांनी काल मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. मला चाळीस मिनिटं उशीर झाला, आणि मुख्याध्यापकांसमोर तिनं सांगितलं, "हिची तब्येत नाजूक आहे." तीस वर्षांत मला कुणी नाजूक म्हटलं नव्हतं.

पण एक सांगते. आज सकाळी मी पाण्यासाठी उठले तर ती त्या तिसऱ्या फळीवर अनवाणी उभी होती, खिडकीतून डॅन्यूबकडे बघत, गुणगुणत. भ्यायलेलं माणूस तिथे पाय ठेवेल का? तिला पहिल्यापासून ठाऊक होतं का रे, लाझार कुणाचा माणूस आहे ते? नाताळचं कार्ड तिच्या डबीत सगळ्यांत वर कुणी ठेवलं होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खोटं सांगितलं असतं, तुझ्यासारखंच.

मला पाहताच तिनं लगेच चेहरा लांब केला.

"ओग्न्यानला लिही. मला एकटीला जमत नाही. संध्याकाळ झाली की डोळे मिटतात माझे. त्याला म्हणावं, ये. तू पुढच्या खोलीत झोप, तो दाराशी झोपेल."

"आई, मला काही होणार नाही."

"नाही ना होणार? मग फुकट येऊन जाईल. त्याला काय धाड भरली आहे!"

पंचवीस नोव्हेंबरला चाळीस दिवस भरतात. त्याआधी ये.

ताई